आठ अक्षरांची रिकामी जागा

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकते. आमचे गाव आजरा तालुक्यात आहे आणि घरी भाताची व थोड्या उसाची शेती आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयात झालेल्या एका व्याख्यानात पाहुण्या प्राध्यापकांनी दोन वनस्पतींच्या एकाच जनुकाचे, म्हणजे डीएनएतील ए, टी, जी, सी या अक्षरांचे, क्रम पडद्यावर एकाखाली एक लावून दाखवले आणि त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचत नाही. रूमवरच्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घेऊन मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत क्रम जुळवत बसते. पण बारावीला मी गणित सोडले होते, प्रोग्रामिंग येत नाही आणि स्वतःचा लॅपटॉपही नाही. आमचे एक सर म्हणाले, ‘संगणकच करायचा होता तर वनस्पतिशास्त्र कशाला घेतलेस?’ वडिलांची इच्छा मी बी.एड. करून शाळेत लागावे अशी आहे. माझी तीन वर्षे वाया गेली का? आणि ही खरी आवड आहे की चार दिवसांचे वेड, हे कसे ओळखायचे?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रिय विद्यार्थिनी,

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करते, कारण गणित, लॅपटॉप आणि बी.एड. यांविषयी काय करायचे ते त्यांच्या उत्तरांवर ठरणार आहे. तुझी तीन वर्षे मुळीच वाया गेलेली नाहीत. केवळ तुझे समाधान व्हावे म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्याच भागात पिकणाऱ्या भाताच्या आधाराने ते दाखवता येते.

आजरा घनसाळ हा सुवासिक भात तुझ्या घरी पिकत असेल, नाहीतर शेजारच्या शिवारात तरी असेलच. तो चुलीवर शिजत असला की ओसरीवर बसलेल्या पाहुण्याला न सांगता कळते. सुवासिक तांदळाचा हा वास प्रामुख्याने 2-असिटाइल-1-पायरोलिन या द्रव्यामुळे येतो. भाताच्या आठव्या गुणसूत्रावरील बीएडीएच2 नावाच्या जनुकाशी या वासाचा संबंध असल्याचे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. बिनवासाच्या भाताचे आणि बासमतीचे हे जनुक एकाखाली एक मांडले, तर सातव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रथिनाची माहिती असलेल्या सातव्या तुकड्यात, बासमतीच्या ओळीत आठ अक्षरे गहाळ दिसतात. संगणक तिथे आठ आडव्या रेघा काढून दाखवतो आणि त्याचे काम तिथेच संपते.

पुढचे काम ज्याला करता येते, तो जीवशास्त्राचा विद्यार्थी असतो. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात, हे तू दुसऱ्या वर्षाला शिकली आहेस. आठाला तीनने नि:शेष भाग जात नाही. गहाळ अक्षरे सहा किंवा नऊ असती, तर प्रथिनातील दोन-तीन अमिनो आम्ले कमी झाली असती आणि कदाचित त्या जनुकापासून बनणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम कसेबसे चाललेही असते. आठ अक्षरे गेल्यामुळे मात्र त्यापुढचे सगळे गट सरकतात, वाचन भलतीकडे जाते आणि थोड्याच अंतरावर थांबण्याचा कोडॉन, म्हणजे ‘इथे थांब’ सांगणारा तीन अक्षरांचा गट, अवेळी समोर येतो. विकर अर्धवट राहते. एरवी ते ज्या पदार्थाचे रूपांतर करून टाकते तो पदार्थ साचतो आणि त्यापासून सुवासिक द्रव्य तयार होते. म्हणजे त्या आठ रेघा पाहून कोणाला नुसती तफावत दिसेल आणि कोणाला भाताचा वास कुठून येतो ते कळेल. या दोघांमध्ये जे अंतर आहे, ते तू तीन वर्षे कोल्हापुरात बसून कापले आहेस. प्रोग्रामिंग पुढच्या वर्षभरात शिकता येईल. ही नजर वर्षभरात येत नसते.

आता आवड की वेड, याविषयी. रंगीत अक्षरांच्या ओळी पडद्यावर सरकताना पाहून कोणालाही भुरळ पडेल, आणि त्यात वाईट काही नाही. पण बटण दाबल्यावर आत नेमके काय घडले, हे समजून घेतल्याशिवाय तुला चैन पडत नसेल, तर ती खरी आवड समजावी. त्यासाठी एक परीक्षा सुचवते. एक आलेख-कागद घे आणि दोन छोटे क्रम हाताने जुळव. समज, वरच्या ओळीत ए, टी, जी, सी, ए, टी अशी सहा अक्षरे आहेत आणि खालच्या ओळीत ए, टी, सी, ए, टी अशी पाच आहेत. सरळ एकाखाली एक लिहिली तर पहिली दोन जुळतात, पुढची तीन जुळत नाहीत आणि वरचे सहावे अक्षर एकटे उरते. खालच्या ओळीत तिसऱ्या जागी एक घर रिकामे सोडले की उरलेली पाचही अक्षरे जुळतात. जुळल्यास अधिक एक, न जुळल्यास वजा एक आणि रिकाम्या घराला वजा दोन असे गुण ठरवले, तर पहिल्या मांडणीला वजा तीन मिळतात आणि दुसरीला अधिक तीन. उत्क्रांतीत अक्षरे बदलतात तशी गळूनही पडतात, आणि ही जीवशास्त्रातली गोष्ट त्या रिकाम्या घराच्या रूपाने गणितात आलेली आहे.

पाच-सहा अक्षरांपर्यंत हे डोळ्यांनी जमते. प्रत्येकी 100 अक्षरांचे दोन क्रम घेतले, तर ते मांडण्याच्या शक्य पद्धतींची संख्या लिहायला एकावर पन्नासहून अधिक शून्ये द्यावी लागतात, आणि त्या सगळ्या तपासणे जगातल्या कोणत्याही यंत्राला शक्य नाही. 1970 साली नीडलमन आणि वुन्श या दोन शास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती मांडली. तिच्या आजच्या रूपात एक क्रम आडवा व दुसरा उभा लिहून मध्ये चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीतील सर्वोत्तम गुण तिच्या वरच्या, डावीकडच्या व तिरक्या अशा तीन शेजाऱ्यांवरून काढले, तर सुमारे 10,000 चौकटी भरून झाल्यावर सर्वात चांगली मांडणी खात्रीने हाती येते. ही युक्ती मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी तीच आकडेमोड त्याच दिवशी तीनदा पुन्हा केली होती. तू दहा-दहा अक्षरांचा तक्ता स्वतः भर. त्याला एक संध्याकाळ लागेल. तक्ता पूर्ण झाल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यातून मागे-मागे जात उत्तर शोधताना तुला जेवणाची आठवण राहिली नाही, तर या परीक्षेत तू उत्तीर्ण झालीस असे खुशाल समज. कंटाळा आला, तर तेही मोकळेपणाने मान्य कर. वनस्पतिशास्त्रात संगणकाशिवाय करण्यासारखे पुष्कळ काम शिल्लक आहे.

सरांच्या प्रश्नाचा राग धरू नकोस, कारण त्यामागची काळजी खरी आहे. माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक इथे सांगते. पश्चिम घाटातील एका वनस्पतीच्या पानातून डीएनए काढून त्याच्या एका भागाचा अक्षरक्रम मी मिळवला होता आणि तिच्या नातलग जातींबरोबर त्याचा वंशवृक्ष तयार केला होता. माझी वनस्पती त्या वृक्षात सगळ्यांपासून फार दूर, एका लांबलचक फांदीवर जाऊन बसली. आपल्या हाती काही तरी नवे लागले, या आनंदात मी आठ दिवस टिपणे लिहीत होते. वनस्पती ओळखण्यात मुरलेल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जपून ठेवलेले पान मागितले. भिंगाखाली त्या पानाच्या मागच्या बाजूला बारीक काळपट ठिपके होते. तो क्रम वनस्पतीचा नव्हताच, पानावर वाढणाऱ्या बुरशीचा होता. मिळालेला क्रम आधी जगभरातले क्रम ठेवलेल्या सार्वजनिक साठ्यात शोधून पाहण्याची साधी पायरी मी घाईत गाळली होती. मी जे विचारले त्याचे उत्तर संगणकाने बरोबर दिले होते, पण मी चुकीची गोष्ट विचारली होती आणि हे त्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्या दिवसापासून पान न पाहता मी क्रमाला हात लावलेला नाही.

म्हणून हरबेरियमचे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे) काम, शेत-शिवारातले आणि पठारांवरचे फिरणे सोडू नकोस. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला हे भाग्य घरबसल्या मिळते. पन्हाळ्याच्या बाजूला मसाई पठार आहे, आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र अधिविभागाच्या उद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. सार्वजनिक साठ्यांतील अनेक क्रमांवर चुकीच्या वनस्पतींची नावे लागलेली आहेत, कारण नमुना ओळखताना चूक झाली आणि तो नमुना कोणी जपून ठेवला नाही. ज्याच्या मागे वाळवून, नाव लिहून ठेवलेली फांदी आहे, त्याच क्रमावर पूर्ण विश्वास ठेवता येतो. सरांना हे सांगून बघ आणि तुझ्या प्रकल्पाचे मार्गदर्शन त्यांनाच माग. मला वाटते, ते नाही म्हणणार नाहीत.

शिवाय, संगणक आणि जीवशास्त्र ही एकमेकांना परकी असलेली दोन घराणी आहेत, हा समज या विषयाच्या इतिहासाला धरून नाही. मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत, याचा नकाशा 1963 साली प्रसिद्ध केला. जगभरात आजही प्रथिनाची रचना त्या नकाशावर पडताळून पाहिली जाते. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी 1965 साली त्या वेळी माहीत असलेल्या 65 प्रथिनांचे क्रम एका ग्रंथात एकत्र केले. त्यांचे मूळ शिक्षण क्वांटम रसायनशास्त्रातले होते.

गणिताविषयी मात्र मी तुला गोड बोलून फसवणार नाही. ते लागेल. पण सगळे एकदम लागत नाही, आणि सर्वात आधी लागते ती संभाव्यता. ती कशासाठी, ते पाहा. भाताच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे 39 कोटी अक्षरे आहेत. सहा अक्षरांचा एखादा शब्द चार अक्षरांतून 4,096 प्रकारे बनू शकतो. म्हणून चारही अक्षरे सारख्या प्रमाणात विखुरलेली आहेत असे धरले, तर तुझा कोणताही सहा अक्षरी शब्द त्या जीनोममध्ये निव्वळ योगायोगाने सुमारे 95,000 वेळा सापडेल. तेव्हा सहा अक्षरे जुळली याला काहीच अर्थ नाही. वीस अक्षरी शब्दांची संख्या एक लाख कोटींच्या वर जाते, त्यामुळे वीस सलग अक्षरे जुळली तर थांबून विचार करायला हवा. रात्री तू क्रम शोधतेस तेव्हा उत्तराबरोबर ‘ई व्हॅल्यू’ नावाचा एक आकडा येतो. इतकी चांगली जुळणी एवढ्या मोठ्या साठ्यात केवळ योगायोगाने किती वेळा अपेक्षित आहे, हेच तो सांगतो. तो न वाचता कोणतीही जुळणी मान्य करू नकोस. अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांतील संभाव्यता, लॉगॅरिदम आणि मॅट्रिक्स हे भाग या क्रमाने, रोज एक तास, उदाहरणे सोडवत पूर्ण कर. परीक्षेचे दडपण नसताना केलेले गणित वेगळे वाटते.

प्रोग्रामिंगसाठी पायथन ही भाषा घे. ‘रोझलिंड’ नावाचे एक मोफत संकेतस्थळ आहे, त्यावर जीवशास्त्राचेच प्रश्न सोडवत प्रोग्रामिंग शिकता येते. पहिला प्रश्न दिलेल्या क्रमात चारही अक्षरे किती वेळा आली ते मोजण्याचा आहे. गुगल कोलॅब या सेवेवर प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालतो, त्यामुळे सध्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील कोणताही संगणक पुरेल. पुढे जुना पण चांगला लॅपटॉप घेतलास तरी दोन-तीन वर्षे निघतील. स्वयं आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर बायोइन्फर्मेटिक्सचे, म्हणजे जीवशास्त्रातील माहिती संगणकाने अभ्यासण्याच्या विषयाचे, अभ्यासक्रम विनाशुल्क ऐकता येतात. प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणाऱ्या खासगी अभ्यासक्रमांना तूर्त एक रुपयाही देऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणखी एक: जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडताना सावध राहा. ‘सेप्ट2’ या जनुकाच्या नावाची एक्सेल परस्पर दोन सप्टेंबर अशी तारीख करून टाकत असे. कितीतरी शोधनिबंधांच्या तक्त्यांत अशा तारखा छापल्या गेल्या, आणि शेवटी 2020 साली नावे ठरवणाऱ्या समितीलाच अशा मानवी जनुकांची नावे बदलावी लागली.

हे सगळे सुटे-सुटे शिकत बसण्यापेक्षा एक प्रश्न घे आणि तो सहा महिन्यांत शेवटपर्यंत ने. माझ्या मते तो प्रश्न सुवासिक भाताचाच असावा. बीएडीएच2 मधील बिघाड सगळ्या सुवासिक जातींत एकच नसतो. काही जातींत सातव्या एक्झॉनमधली आठ अक्षरे गेलेली असतात, तर काहींत दुसऱ्या एक्झॉनमधली सात. सातालाही तीनने भाग जात नाही, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. निरनिराळ्या भातजातींचे या जनुकाचे क्रम सार्वजनिक साठ्यातून उतरवून घे, ते जुळव, प्रत्येक जातीत वाचन कुठे बिघडते आणि प्रथिन कितव्या अमिनो आम्लावर तुटते ते स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने काढ, आणि घनसाळविषयी प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून त्याची जागा कुठे लागते ते शोध. घरी ऊस असला तरी उसापासून सुरुवात करू नकोस. आजच्या उसात दोन जातींच्या संकरातून आलेली शंभराहून अधिक गुणसूत्रे आहेत, आणि त्याच्या आर570 या वाणाचा तपशीलवार संदर्भ-जीनोम 2024 साली प्रसिद्ध व्हायला तज्ज्ञांनाही अनेक वर्षे लागली. तिकडे पुढे कधी तरी नक्की वळ.

पुढच्या शिक्षणाबाबत माझे मत जरा वेगळे आहे. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचे केंद्र आहे, दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संगणकीय विज्ञानाची स्वतंत्र शाखा आहे, बंगळूरला या विषयाची संस्था आहे. तिथे अर्ज जरूर कर. बारावीला गणित हवे अशी अट कुठे असते आणि कुठे नसते, म्हणून प्रत्येक माहितीपत्रक स्वतः वाच. पण कोल्हापुरातच वनस्पतिशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून प्रबंधिकेसाठी संगणकीय विषय घेतलास, तर तो दुय्यम मार्ग ठरत नाही, आणि तुझ्यासारखीला कदाचित तोच अधिक मानवेल. तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. त्यातून दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळाले, तर पुढचे बरेच काही आपोआप ठरेल.

वडिलांशी बोलताना खरे तेच सांग. या क्षेत्रातील नोकऱ्या कोल्हापुरात फार नाहीत. पुणे, बंगळूर किंवा हैदराबादला जावे लागेल, आणि सुरुवातीची कामे बहुधा एखाद्या प्रकल्पापुरती, कराराची असतात. बी.एड.चे दार एम.एस्सी.नंतरही उघडे राहते, हेही तितकेच खरे आहे, आणि मुलीच्या भविष्याची सोय पाहणाऱ्या माणसाला ते ऐकून धीर येईल. एम.एस्सी.ची दोन वर्षे माग, त्या काळात काय करणार ते कागदावर लिहून दाखव. ‘संगणकीय जीवशास्त्र’ या शब्दापासून मात्र सुरुवात करू नकोस. घनसाळ म्हणून विकलेले बियाणे खरोखर घनसाळ आहे का, हे उगवायच्या आधी ओळखता येईल का, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेव. त्यावर त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त सांगण्यासारखे असेल.

आणि या खेपेला गावी गेलीस, भात अजून शेतात हिरवा असला, तर घनसाळची आणि शेजारच्या एखाद्या बिनवासाच्या वाणाची कोवळी पाने वेगवेगळ्या पिशव्यांत, वर नाव आणि तारीख लिहून घेऊन ये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सरांच्या देखरेखीखाली दोन-दोन ग्रॅम पाने बारीक कापून झाकणाच्या काचेच्या बशीत ठेव, त्यांवर 1.7 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे 10 मिलिलिटर द्रावण घाल आणि दहा मिनिटांनी एकेक झाकण उचलून, हाताने हलकेच वारा घेत वास पाहा. हे द्रावण त्वचेला जाळते, म्हणून हातमोजे आणि चष्मा विसरू नकोस. कोणत्या बशीला वास आला, ते वहीत लिहून ठेव आणि मगच पडद्यावरच्या त्या ओळी उघड.